चेंबर ऑफ कॉमर्सची वर्गणी लहान धंद्याला वसूल होते का?

तुमचा प्रश्न असा आहे: सहा माणसांचा व्यवसाय आहे, स्थानिक चेंबर ऑफ कॉमर्सचं, म्हणजे व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेचं, सभासद झालं तर नवीन गिऱ्हाइकं मिळतील का, की वर्षाची वर्गणी पाण्यात जाईल?

फक्त गिऱ्हाइकांसाठी जाणार असाल तर घाई करू नका. मीही त्याच आशेने गेलो होतो. माझा रबरी सील आणि गॅस्केट बनवण्याचा लहान कारखाना आहे. पहिल्या वर्षी एकही मेळावा चुकवला नाही, भेटेल त्याला कार्ड दिलं, पण एकही ऑर्डर आली नाही. तिथे जमलेला प्रत्येक जण विकायलाच आलेला असतो, विकत घ्यायला नाही. दुसऱ्या वर्षी वर्गणी भरायची नाही असं जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात परदेशातली पहिली ऑर्डर आली आणि चेंबरचा खरा उपयोग कळला.

खरेदीदाराने सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन मागितलं होतं, म्हणजे माल कोणत्या देशात तयार झाला याचा दाखला. हा दाखला अनेक देशांत चेंबरकडूनच मिळतो. मी इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट घेऊन कार्यालयात गेलो. टेबलापलीकडच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, ओळीवर बोट ठेवून वाचत गेल्या आणि म्हणाल्या, "या कागदावर ग्रॉस वेट आहे, त्यावर नेट. आणि एल.सी. आणलीय का? मालाचं नाव तिच्यात काय लिहिलंय?" एल.सी. म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, खरेदीदाराच्या बँकेने पैशांबद्दल दिलेलं हमीपत्र. तिच्यात 'सीलिंग रिंग्ज' होतं, माझ्या इन्व्हॉइसवर 'रबर पार्ट्स'. माझ्या लेखी दोन्ही एकच. पण लेटर ऑफ क्रेडिटवर पैसे देताना बँक माल बघत नाही, कागद बघते. कागद जुळले नाहीत तर माल पोचूनही पैसे अडकतात. त्यांनी मला परत पाठवलं, मी इन्व्हॉइस नव्याने केलं, आणि दुसऱ्या दिवशी शिक्का मिळाला. मोठ्या कंपनीत हे तपासायला वेगळा विभाग असतो. माझ्याकडे त्या विभागाच्या जागी त्या बाई होत्या, आणि त्यांचे उपकार मी आजही मानतो.

लहान धंद्याला काम येत असतं, हातात कसबही असतं. त्या कामाभोवतीचं सगळं सांभाळायला मात्र माणूस नसतो. कागदपत्रं, नियमांतले बदल, समोरच्याची पत, सरकारदरबारी बोलणं, हे सगळं मालकाच्याच डोक्यावर. चेंबर ही उणीव भरून काढतं. मुळात ही संस्था सुरूच तशी झाली. १५९९ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात व्यापाऱ्यांच्या हितरक्षणासाठी अशी संस्था उभी राहिली, आणि १७६८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वीस व्यापारी एकत्र आले. एकट्याच्या पेढीला न झेपणारे प्रश्न तेव्हाही होतेच.

बाहेरच्या देशात प्रदर्शनाला नमुने न्यायचे असतील तर 'एटीए कार्ने' नावाच्या कागदाची चौकशी नक्की करा. १९६१च्या आंतरराष्ट्रीय करारातून तो आला. करारातल्या देशांत नमुने तात्पुरते नेऊन परत आणायचे असतील, तर त्यावर आयातशुल्क भरावं लागत नाही. बऱ्याच देशांत तो चेंबरमार्फतच मिळतो. मला हे कळलं तेव्हा एका प्रदर्शनाची संधी हातची गेली होती.

दुसरा फायदा कुठल्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो. उधारीचा. एका नव्या खरेदीदाराने मोठी ऑर्डर देऊ केली होती, नव्वद दिवसांच्या उधारीवर. बैठक संपल्यावर मी शेजारच्या एका ज्येष्ठ सभासदांना सहज विचारलं, "यांच्याशी व्यवहार आहे का तुमचा?" ते क्षणभर थांबले आणि एवढंच म्हणाले, "आम्ही आता ॲडव्हान्स घेतल्याशिवाय माल सोडत नाही." मला पुढे काही विचारावं लागलं नाही. मी निम्मी रक्कम आधी मागितली, आणि ऑर्डर आलीच नाही. तेव्हा वाईट वाटलं होतं, आता वाटत नाही. अशी माहिती अनोळखी माणसाला कोणी देत नाही. चार बैठकांत तुमचा चेहरा ओळखीचा झाला की मिळते. म्हणून वर्गणी भरून घरी बसणाऱ्याला चेंबरचा काहीच उपयोग होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे आवाज. आमच्या भागात मालाच्या गाड्यांना दिवसा बंदी घालायचा प्रस्ताव आला. माझ्यासारख्या, रात्रपाळी नसलेल्या कारखान्यांचं त्यात मरण होतं. मी एकट्याने पत्र लिहिलं असतं तर ते फायलीत पडलं असतं. चेंबरच्या वाहतूक समितीने सभासदांकडून पंधरा दिवसांच्या नोंदी मागवल्या: कोणाची गाडी किती वाजता येते, किती वेळ उभी राहते. बहुतेक गाड्या सकाळी लवकर येऊन जातात हे कागदावर दिसलं. अधिकाऱ्यांपुढे रडगाणं न गाता तो तक्ता ठेवला, आणि सकाळचे दोन तास मोकळे मिळाले. त्या तक्त्यात माझ्या कारखान्याचीही एक ओळ होती.

आता सावधगिरीचं. काही चेंबर नुसती सत्कार आणि फोटोंपुरती उरलेली असतात. दोनचार मोठी घराणी पदं वाटून घेतात आणि लहान सभासद खुर्च्या भरायला. त्यामुळे अर्ज करण्याआधी कार्यालयात जाऊन विचारा: गेल्या वर्षी सरकारला किती निवेदनं दिली आणि त्यांचं पुढे काय झालं? समित्यांवर लहान धंदेवाले किती आहेत? निवडणूक शेवटची कधी झाली? उत्तरं गोलमोल आली तर पैसे खिशातच ठेवा. तुमच्याच व्यवसायाची वेगळी संघटना असेल तर तिकडे बघा. जर्मनीसारख्या देशात मात्र निवड नसतेच. तिथे बहुतेक धंद्यांना कायद्यानेच सभासद व्हावं लागतं, आणि शिकाऊ कामगारांच्या परीक्षाही चेंबरच घेतं. तशा ठिकाणी असाल तर पैसे जाणारच आहेत, मग सेवा मागून घ्या.

तुमचं गिऱ्हाईक घरगुती असेल, माल बाहेर जात नसेल आणि उधारीही नसेल, तर वर्षभर थांबलात तरी बिघडत नाही.

सभासद झालात तर मेळाव्याने सुरुवात करू नका. कर, वाहतूक किंवा निर्यात यांपैकी जी समिती तुमच्या कामाची असेल, तिच्या बैठकीला जा. तिथे दहाबारा माणसं असतात, विषय रुक्ष असतो आणि चहा थंड झालेला असतो. पण कोणीतरी टिपण काढायला लागतंच. ते काम मागून घ्या. मी तसंच केलं, आणि त्या टिपणासाठी ज्यांना फोन करावे लागले त्यांतल्या दोघांकडून पुढे मला नियमित काम मिळालं.