गटाने सरावासाठी म्युझिक व्हिडिओ करतोय, पण ओठ गाण्याशी जुळत नाहीत. काय करावं?

शूटिंगच्या वेळी गाण्याचा अंतिम मिक्सच (पूर्ण तयार झालेलं रेकॉर्डिंग) स्पीकरवर मोठ्याने लावा आणि गाणाऱ्याला खरंच मोकळ्या आवाजात गायला सांगा. नुसते ओठ हलवले तर श्वास आणि गळ्याचा ताण दिसत नाही, खोटेपणा लगेच कळतो. कॅमेऱ्याचा माइक चालूच ठेवा. तो आवाज शेवटी काढायचाच आहे, पण एडिटिंगमध्ये त्याची वेव्हफॉर्म (आवाजाचे चढउतार दाखवणारी आकृती) मूळ गाण्याच्या वेव्हफॉर्मखाली ठेवून शॉट नेमका जुळवता येतो. (स्लो मोशन हवं असेल तर गाणं दुप्पट वेगाने वाजवून सेकंदाला ५० फ्रेम्सवर (चित्रांवर) शूट करा आणि २५ वर चालवा. हालचाल संथ होते, ओठ मात्र गाण्यासोबतच राहतात. करून बघाच!) मोबाइलवर मात्र फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम्स) बरेचदा कमीजास्त होतो आणि लांब शॉट हळूहळू गाण्यापासून सरकतो, म्हणून फ्रेम रेट स्थिर ठेवणारं कॅमेरा अ‍ॅप वापरा.