ठिपक्यांतला चेहरा

प्रश्न : जर्मन चित्रकार झिग्मार पोल्केसारखी ओळखू येते-न येते अशी छापचित्रं छपाईयंत्राशिवाय जमतील का? गावात फक्त झेरॉक्सचं दुकान आहे.
— एक कलाशिक्षक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : जमतील, आणि झेरॉक्स हेच तर पोल्केचं हत्यार! 1963पासून त्यानं वर्तमानपत्री फोटोतले छपाईचे ठिपके मोठे करून हातानं रंगवले. जवळून नुसते ठिपके, लांबून चेहरा. पुढे झेरॉक्स मशीनवर चित्र ओढून त्यानं आकृत्या विकृत केल्या.

झाकण उघडं ठेवा, प्रकाशपट्टी सरकताना फोटो तिच्याच दिशेनं ओढा; आकृती लांबते. उलट ओढला तर आखडते. प्रत मोठी करत न्या, ठिपका 3-4 मिमी होईपर्यंत. मग उलटी प्रतिमा लिनोवर (कोरता येणाऱ्या मऊ लिनोलियमच्या तुकड्यावर) उतरवून पांढऱ्या जागा कोरा. 2 मिमीखालचे ठिपके तुटतात. ठिपक्यांच्या कडा बाहेरच्या बाजूला उतरत्या ठेवा, सरळ खाली कापू नका.

खरी अडचण शाईची. विदर्भाच्या मे महिन्यात तैलशाई पातळ होऊन फटींत भरते, ठिपके एकमेकांना चिकटतात आणि चेहरा काळा डाग होतो. पहाटे छापा, शाई घट्ट करायला तिच्यात चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड घोटा, रोलरनं शाईचा थर पातळच द्या. लिनोवर पातळ कागद ठेवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं मधून कडेकडे घासा.

एखादा ठिपका चुकला तर राहू द्या. छपाईतल्या चुका पोल्के मुद्दाम जपायचा.