मागच्या ब्रेकचे ड्रम झिजले आहेत. लेथवर टर्निंग (आतला पृष्ठभाग कातून गुळगुळीत करणे) करून घ्यावे की नवीन बसवावेत?

टर्निंगनंतरही ड्रमचा आतला व्यास त्यावर कोरलेल्या ‘मॅक्स डाय’च्या (कमाल व्यासाच्या) आकड्यापेक्षा कमी राहणार असेल तरच टर्निंग करावे, अन्यथा ड्रम बदलावा. तो आकडा झिजेची अखेरची मर्यादा असल्याने, लायनरमुळे (ड्रमवर घासून ब्रेक लावणाऱ्या अस्तरामुळे) पुढे होणाऱ्या झिजेसाठी थोडी जागा उरायला हवी. मर्यादेपलीकडे पातळ झालेला ड्रम लवकर तापतो, फाकतो आणि ब्रेक कमी लागतो. नखाला लागणाऱ्या चरा किंवा पेडलला जाणवणारी थरथर टर्निंगने जाते, परंतु आरपार तडा असल्यास मापाचा प्रश्नच उरत नाही, ड्रम बदलावाच लागतो. टर्निंग एकाच एक्सलच्या दोन्ही ड्रमचे, सारख्या मापाचे करावे, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. मात्र छोट्या गाडीचा नवा ड्रम पुष्कळदा इतका स्वस्त असतो की लेथची मजुरी परवडत नाही.