पहिला ट्रिगर जड लागतो म्हणून पिस्तूल वाईट?

प्रश्न : सर, परवाना हातात आला आहे आणि पहिलंच पिस्तूल घ्यायचं आहे. खिशाला परवडणारं म्हणून बेर्सा थंडर ३८० मनात भरलंय. ते वापरणाऱ्या चौघांशी बोललो आणि गोंधळ वाढला. एक म्हणतो, एवढ्या पैशात याला तोड नाही. दुसरा म्हणतो, पहिली गोळी झाडताना बोट दुखून येतं. तिसऱ्याचं सारखं अडकतं, चौथ्याचं एकदाही अडकलं नाही. कोणाचं खरं मानू?

उत्तर : चौघंही खरं सांगत असतील. प्रत्येकाने पिस्तूल किती वापरलं, कोणत्या काडतुसांनी वापरलं आणि कसं धरलं, हे मात्र त्यांनी तुम्हाला सांगितलेलं नाही. मी शस्त्रदुरुस्ती करतो आणि रेंजवर शिकवतो. या वर्गातली पिस्तुलं माझ्या टेबलावर नेहमी येतात, आणि त्यांच्या मालकांच्या तक्रारीही जवळपास याच असतात.

आधी ट्रिगरचं बोलू. डबल ॲक्शनमध्ये पहिल्या गोळीला तुमचं बोट दोन कामं करतं. हॅमर, म्हणजे आघात करून गोळी झाडणारा मागचा घोडा, मागे खेचणं आणि मग सोडणं. त्यामुळे ओढ लांब असते आणि साधारण साडेचार ते साडेपाच किलोपर्यंत जोर लागतो. गोळी सुटली की मागे जाणारी स्लाइडच, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, हॅमर चढवून ठेवते. मग दुसऱ्या गोळीला दोन-अडीच किलोत काम होतं आणि बोटही जेमतेम हलतं. हा स्वस्तपणाचा दोष नव्हे. १९२९ सालच्या वॉल्थर पीपीमध्ये हीच रचना होती. अमेरिकी सैन्याने १९८५ मध्ये एम९ म्हणून स्वीकारलेलं बेरेटा ९२ हेही असंच चालतं. तेव्हा बोट दुखतं म्हणणाऱ्याला विचारा, ट्रिगर जड आहे की खरखरीत? जडपणा सवयीचा भाग आहे. खरखर ही आतल्या भागांच्या घासाईची गोष्ट आहे, आणि कमी किमतीच्या पिस्तुलात पैसा वाचवलेला असतो तो बहुतेक तिथेच. वापराने ती बरीच निवळते. पण ती घालवायला घरी कानस घेऊन बसू नका. हॅमर अडकून राहतो त्या खाचेचा कोन जरासा बिघडला, तर बोट न लावता गोळी सुटू शकते.

माझ्या मते या पिस्तुलाबद्दल मालकाला विचारायचा खरा प्रश्न वेगळाच आहे. तुमची पहिली गोळी कुठे लागते आणि दुसरी कुठे? उजव्या हाताने झाडणाऱ्या नवशिक्याची पहिली गोळी बहुधा खाली डावीकडे जाते, कारण लांब ओढीत सगळी मूठच आवळली जाते. दुसरी गोळी तो तयार व्हायच्या आत सुटते. जे लोक दर वेळी अंगठ्याने हॅमर चढवून झाडतात, त्यांना हे कधी कळतच नाही. 'ट्रिगर मस्त आहे' असं त्यांनी सांगितलं, तरी त्यांनी अर्धंच पिस्तूल पाहिलेलं असतं.

मी शिकवतो ते असं. नळी निशाण्याकडेच ठेवून एक गोळी झाडा, बोट ट्रिगरवरून काढा, स्लाइडवरचा डिकॉकर, म्हणजे हॅमर उतरवायचा खटका, खाली दाबा. हॅमर सुरक्षित उतरतो. थंडरमध्ये हा खटका खालीच राहतो आणि सेफ्टीचंही काम करतो, त्यामुळे तो वर केल्याशिवाय पुढची गोळी सुटत नाही. वर करा आणि पुन्हा लांब ओढ घ्या. गोळ्या कमी खर्ची पडतात आणि हात लवकर तयार होतो. हॅमर अंगठ्याने धरून, ट्रिगर दाबून उतरवायची लकब कोणी दाखवली तर शिकू नका. अंगठा घसरला की गोळी गेली.

धक्क्याबद्दलही ऐकलं असेल. काडतूस लहान, तरी हात झणझणतो म्हणतात. त्याचं कारण रचनेत आहे. नळी पक्की बसवलेली आहे आणि स्लाइडला रोखतं ते फक्त तिचं वजन आणि स्प्रिंग. सगळं पिस्तूल सुमारे ५६५ ग्रॅमचं, मग धक्का हातातच येणार. स्प्रिंगही कडक असते. बोटांत जोर कमी असणाऱ्याने विकत घेण्याआधी रिकामं पिस्तूल हातात घेऊन स्लाइड मागे खेचून पाहावीच.

अडकण्याच्या तक्रारीला मी तीन प्रश्न लावतो. कोणतं मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी), कोणतं काडतूस, कोणाचा हात. प्रत्येक मॅगझिनच्या बुडाला रंगाने आकडा घाला. दर वेळी दोन नंबरचंच अडकत असेल तर दोष त्या मॅगझिनचा. गोल टोकाची काडतुसं सुरळीत जातात आणि रुंद पोकळ टोकाचीच चढताना अडतात, तर काडतूस बदलून पाहा. झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये उभी अडकतेय, पण शेजाऱ्याच्या हातात तेच पिस्तूल नीट चालतंय, तर मनगट सैल आहे. नवीन पिस्तुलाचं साठवणीचं तेल आधी पुसून काढा. पहिल्या २०० राउंडांत एखाददुसरी अडचण आली तर मी मनावर घेत नाही. त्यानंतरची मात्र प्रत्येक लिहून ठेवा.

तेव्हा चौथ्याला विचारा, किती झाडल्या? पन्नासच असतील तर त्याचं 'कधीच अडकलं नाही' अजून कच्चं आहे.

प्रश्न : गोळी सुटली नाही तर डबल ॲक्शनमध्ये पुन्हा ट्रिगर ओढता येतो, हा मोठा फायदा आहे असं एक मालक सांगतात. बरोबर आहे का?

उत्तर : ओढता येतो, हे खरं. पण रेंजवर तशी घाई करू नका. काही काडतुसं उशिरा पेट घेतात. नळी निशाण्याकडेच धरून किमान ३० सेकंद थांबा, मग मॅगझिन काढा आणि स्लाइड मागे खेचून ते काडतूस बाहेर टाका. त्याच्या टोपीवरची, म्हणजे बुडाच्या मध्यावर आघाताने पेटणाऱ्या भागावरची, खूण पाहा. खोल असेल तर काडतूस सदोष. उथळ असेल, आणि निरनिराळ्या काडतुसांवर तशीच येत असेल, तर पिस्तूल कारागिराकडे घेऊन जा. हॅमरची स्प्रिंग थकलेली असू शकते किंवा फायरिंग पिनच्या (टोपीवर आदळणाऱ्या सळईच्या) वाटेत मळ साचलेला असू शकतो.