वाचकांचे प्रश्न: हरणासाठी कॅलिबर कोणते?

प्रश्न : मी मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. धाकटा मुलगा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात एच-१बी व्हिसावर नोकरीला आहे. सोबतचे लोक त्याला यंदा हरणाच्या शिकारीला नेणार म्हणतात. रायफल कोणती घेऊ, असे त्याने मला विचारले. दुर्बिणीसकट सातशे डॉलरच्या आत बसवायचे आहे. पोरगा अंगाने किरकोळ, बंदूक कधी धरलेली नाही. मला थ्री-नॉट-थ्री आणि एसएलआर ठाऊक; .२४३, .३०८, ६.५ क्रीडमोर ही नावे डोक्यात बसत नाहीत.
— एक वाचक, हिंडलगा, बेळगाव

उत्तर : सुभेदारसाहेब, कॅलिबरच्या आधी व्हिसाचे बघा. एच-१बीवरच्या माणसाला तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला बंदी आहे. त्यातून सुटायची त्याच्या कामाची वाट एकच, ती म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. तेव्हा आधी शिकार-प्रशिक्षणाचा वर्ग (पेनसिल्व्हेनियात नवख्याला तो सक्तीचा आहे), मग परवाना, आणि दुकानाची पायरी त्यानंतर. दुकानात बंदूक-खरेदीचा ४४७३ क्रमांकाचा सरकारी फॉर्म भरताना हाच परवाना दाखवावा लागतो. परवान्याची मुदत संपली की कपाटातली रायफलसुद्धा गुन्ह्यात धरली जाते. मित्राची बंदूक रेंजवर नुसती चालवून बघणेही याच कायद्याखाली येते, म्हणून परवाना हातात पडेपर्यंत तेही नको. व्हिसाच्या वकिलाला एकदा विचारून घ्यावे.

आता कॅलिबर, म्हणजे काडतुसाचे माप. तुमच्या एसएलआर या लष्करी रायफलीचे ७.६२ चे काडतूस आणि बाजारातले .३०८ विंचेस्टर ही सख्खी भावंडे. .३०८ आले १९५२ साली. त्याच काडतुसाचा गळा बारीक करून १९५५ मध्ये .२४३ निघाले. ६.५ क्रीडमोर २००७ चे. पेनसिल्व्हेनियातले पांढऱ्या शेपटीचे हरण साधारण आपल्या चितळाएवढे, त्यामुळे तिन्ही पुरतात. फरक पडतो तो खांद्याला. सारख्याच वजनाच्या रायफलीत .३०८ चा धक्का .२४३ च्या दीडपटीहून जास्त बसतो. एसएलआर चार किलोच्या वरची आणि काडतुसाच्याच गॅसवर चालणारी, म्हणून तो तुम्हाला जाणवला नसेल. तीन किलोच्या बोल्ट ॲक्शनला (हाताने खटका ओढून एकेक राउंड भरायची रायफल) तोच राउंड चांगलाच लाथ मारतो. .२४३ मऊ आहे, पण त्याची १०० ग्रेनची गोळी जेमतेम साडेसहा ग्रॅमची, त्यामुळे तिरक्या कोनात चूक पोटात घालत नाही. तुमच्या मुलासाठी आम्ही ६.५ क्रीडमोर सुचवू. गोळी १४० ग्रेनच्या आसपासची, धक्का दोघांच्या मधला आणि काडतूस बहुतेक दुकानांत मिळते.

गोळी मात्र मऊ टोकाची, आत जाऊन फुलणारीच हवी. लष्करी बॉल राउंड (न फुलणारी, टणक आवरणाची गोळी) आरपार निघून जातो, जनावर लांब पळते आणि झुडपात तडफडून मरते. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी तो चालतही नाही, आणि अर्धस्वयंचलित रायफलही नाही. मुलगा उद्या ओहायोत गेला तर तिथे सरळ भिंतीच्या, म्हणजे गळा बारीक नसलेल्या काडतुसांचाच नियम आहे; ६.५ किंवा .३०८ घेऊन उपयोग नाही, .३५० लेजंडसारखे काही घ्यावे लागेल. नोकरी बदलायचा विचार असेल तर हे आधीच धरून चाला.

रायफलीवर फार खर्च नको. सॅव्हेज ॲक्सिस किंवा रुगर अमेरिकन, दोन्ही साधारण ४०० ते ६०० डॉलरच्या पट्ट्यातल्या, आणि नेमाला चोख. ॲक्सिस दुर्बिणीसकट मिळते, बजेटमध्ये तीच बसेल. बट लांब असेल तर मान पुढे ताणावी लागते, म्हणून जाड जॅकेट घालून खांद्याला लावून बघावी. ३-९ गुणिले ४० ची (तीन ते नऊ पट मोठे दाखवणारी, ४० मिमी भिंगाची) दुर्बीण पुरे. ती डोळ्यापासून तीन-साडेतीन इंच लांब राहील अशी बसवावी, नाहीतर भुवई फुटते. ग्रुपिंग (एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांचा पुंजका) एकाएकी विखुरले तर नळीला दोष देण्याआधी दुर्बिणीच्या कड्यांचे स्क्रू तपासा. दहातल्या आठ वेळा तेच सैल असतात.

झिरोइंग, म्हणजे दुर्बीण नेमाला जुळवणे, २५ यार्डांवर सुरू करून १०० वर पक्के करायचे. १०० यार्डांवर दुर्बिणीच्या फिरकीचा एक क्लिक म्हणजे पाव इंच. २५ यार्डांवर एक इंच हलवायला तब्बल सोळा क्लिक लागतात, नवखा इथेच चुकतो. तीन-तीन राउंडचा ग्रुप घ्यावा आणि मध्ये नळी गार होऊ द्यावी, तापलेली पातळ नळी गोळी भटकवते. निदान साठ राउंड तरी हंगामाआधी झाले पाहिजेत. वीसचा डबा ३० ते ४५ डॉलरला पडतो, हे पैसे वाचवू नयेत.

धक्क्याच्या भीतीने चाप ओढताना डोळे मिटतात आणि नळी खाली जाते. त्यावर इलाज तुमच्याच पलटणीतला: रिकामी रायफल दोनदा तपासून, नळीवर नाणे ठेवून चाप ओढायचा. सलग वीस वेळा नाणे पडले नाही की मगच रेंजवर जावे. फोनवरून हे तुम्हीच शिकवा.

जनावर आडवे उभे राहिले तरच मारावे. नेम पुढच्या पायाच्या लगेच मागे, अंगाच्या खालच्या तिसऱ्या भागात, काळीज-फुप्फुसावर. गोळी लागल्यावर अर्धा तास थांबून मग माग काढावा; लगेच धावले तर जखमी जनावर उठून मैलभर जाते. अंगावर आणि डोक्यावर मिळून २५० चौरस इंच भडक नारिंगी कापड चहूबाजूंनी दिसले पाहिजे, तो कायदा आहे.

प्रश्न : पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना आहे. भातात चितळे येतात. मारली तर चालते का?
— एक शेतकरी, खानापूर तालुका

उत्तर : नाही. तो परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, जनावर मारण्याचा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ९ खाली चितळ आणि सांबर यांची शिकार बंद आहे. नुकसान झाले की ताबडतोब फोटो काढा आणि उताऱ्यासह वनखात्याच्या रेंज कार्यालयात भरपाईचा अर्ज द्या; पीक कापल्यावर पंचनाम्याला काही उरत नाही. तारेत घरची वीज सोडू नका, माणूस मरतो. झटका मशीनचे सौर कुंपण करा, आणि झटका बसत नसेल तर खालच्या तारेला टेकलेले गवत कापा. उन्हाळ्यात माती सुकून अर्थिंग निकामी होते, तेव्हा सळयांपाशी रोज बादलीभर पाणी ओता.