'होय सर' म्हणणं आधी बंद कर

परवा ऐरोली स्टेशनबाहेर आपण वडापाव खात उभे होतो तेव्हा तुझा फोन तीनदा वाजला, आणि तिन्ही वेळा तू तोंडातला घास तसाच ठेवून 'होय सर, बघते सर, थोडा टाइम द्या सर' म्हणालीस. मी तेव्हा काही बोललो नाही. घरी आलो पण डोकं शांत होईना, म्हणून हे लिहितोय.

अगं, कसलं होय? घणसोलीचा फ्लॅट 2018 च्या फेब्रुवारीत लिलावात गेला. लोन घेतलं तेव्हा तू तेवीस वर्षांची, नोकरी नवीन, बाबांच्या पगारावर लोन बसेना म्हणून तुझी पेस्लिप लावून तुला को-अप्लिकंट, म्हणजे सहकर्जदार केलं. आता कुठलीतरी एजन्सी म्हणते की लोन आम्ही विकत घेतलंय, लिलावातून सगळे पैसे वसूल झाले नाहीत, उरलेले चौदा लाख भरा. लोन विकता येतं, त्यात बेकायदा काही नाही. पण चौदा लाख आले कुठून, हे त्या माणसाला तू एकदा तरी विचारलंस का? नाही. कागद माग. मी तुला शंभर वेळा हेच सांगणार आहे, कंटाळलीस तरी सांगणार आहे.

माझं ऐक. कळव्याचा माझा वन बीएचके 2011 मध्ये गेला, आणि त्यानंतर अडीच वर्षांनी असाच एक 'सर' दारात आला. काकू तेव्हा हॉस्पिटलमधून नुकत्याच घरी आल्या होत्या, समोरच्यांचं दार किलकिलं उघडलेलं, आणि हा माणूस जिन्यात मोठ्याने बोलतोय. मी पाच हजार दिले आणि त्याने पुढे केलेल्या कागदावर सही केली, 'उर्वरित थकबाकी मला मान्य आहे'. एक ओळ. आणखी सहा महिने गप्प बसलो असतो तर वसुलीसाठी कोर्टात जायची त्यांची तीन वर्षांची मुदत संपत होती, त्या एका सहीने ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. भाऊ अजून म्हणतो तू येडा आहेस. येडा नव्हतो, दमलो होतो. जिन्यात शेजाऱ्यांसमोर उभं राहून बघ म्हणावं त्याला एकदा.

पण मग मी पण हट्टाला पेटलो. अकरा लाख म्हणत होते, म्हटलं अकाउंटचं स्टेटमेंट द्या, लिलावाच्या आधीचं आणि नंतरचं पण. सहा पत्रं लिहिली तेव्हा आलं. त्यात दिसलं काय, तर लिलावाचे पैसे खात्यात जमा दाखवलेत चार महिन्यांनी, तोपर्यंत व्याज चालूच. आणि दर महिन्याला सिक्युरिटीचा चार्ज. बंद फ्लॅटला एक कुलूप होतं गं, वॉचमन सोसायटीचाच. ताबा आणि विक्रीचा वाजवी खर्च कायद्याने ते आधी कापून घेऊ शकतात, पण वाजवी, आणि त्याचा हिशोब दाखवायला नको? शेवटी 2016 मध्ये बऱ्याच कमी रकमेत मिटलं. सिबिलवर, म्हणजे कर्जाच्या रेकॉर्डवर, 'सेटल्ड' (पूर्ण न भरता मिटवलं) लागलं ते लागलंच. भाऊ म्हणतो त्या दोन वर्षांत ओव्हरटाइम केला असतास तर जास्त मिळाले असते. असेल. पण ते चार महिन्यांचं व्याज माझं नव्हतं.

तर तुझं. लिलावाच्या तारखेपासून धरलं, कोविडमुळे सुप्रीम कोर्टाने वगळलेला 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ सोडला, तरी तीन वर्षं 2023 मध्येच भरतात. मध्ये कोणी केस टाकली नसेल आणि बाबांनी कुठे सही केली नसेल तर. हे दोन 'तर' महत्त्वाचे आहेत, म्हणून वकिलाला दाखवूच. मुदत गेली म्हणजे ते मागायचे थांबतील असं नाही, मागतच राहतील, कोर्टात मात्र अडकतील. आणि मुदत संपल्यावरसुद्धा 'मी हे पैसे देईन' असं लिहून सही केलीस तर तो नवीन करार होतो. म्हणून सही नाही. 'सध्या पाच हजार टाका मॅडम' याला पण नाही. कागद माग.

पोलीस घेऊन येऊ म्हणाला ना तो? येऊ दे. उरलेल्या पैशांसाठी त्यांना सरफेसी कायद्याखाली, म्हणजे ज्या कायद्याने बँक घर लिलावात काढते त्याखाली, डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) जावं लागतं, वीस लाखांच्या खाली असेल तर दिवाणी कोर्टात. डीआरटी आपल्या वाशीत पण आहे, मी तिथल्या बाकड्यावर बसून आलोय, चौकीत कोणी नेत नाही. आणि सकाळी आठच्या आधी, संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही हा आरबीआयचा नियम आहे. तुझा तिसरा फोन पावणेआठला होता. कॉल लॉगचा स्क्रीनशॉट काढून ठेव. आधी बँकेकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर आरबीआयच्या लोकपालाकडे, फी नाही. लोन मुळात हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर नॅशनल हाउसिंग बँकेकडे.

पत्र साधं लिही. तुम्ही सांगता ती रक्कम मला मान्य नाही. लोन तुमच्याकडे आल्याचा कागद, लिलावाचं सेल सर्टिफिकेट, पूर्ण स्टेटमेंट आणि तुमच्या माणसाचं अधिकारपत्र पाठवा. बस. 'थकबाकी' हा शब्द चुकून पण नको, बाबांच्या आजारपणाची गोष्ट नको, 'कृपया सवलत द्यावी' तर अजिबातच नको. स्पीड पोस्टाने, पोचपावती घेऊन.

बाबांवर चिडू नकोस. ते बोलत नाहीत कारण मीही बोलत नव्हतो.

रविवारी अकरापर्यंत ये. त्यांच्याकडची ती बँकेची प्लास्टिकची पिशवी आण, त्यात लिलावाच्या आधी बँक पाठवते ती साठ दिवसांची नोटीस असेल, भिजलेली फाटलेली कशीही असली तरी आण. आणि तोपर्यंत त्या माणसाचा फोन आला तर उचलू नको, मेसेज टाक, 'लेखी पाठवा'. खाली 'सर' लिहू नकोस.

— काका