सॉफ्टनर घेण्याआधी

बोअरचं पाणी आहे म्हणून लगेच सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा घालवणारं यंत्र) बुक करू नकोस. आधी पाण्याचा हार्डनेस, म्हणजे त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण, तपासून घे. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजणाऱ्या मीटरवर तो कळत नाही. भारतीय मानकात लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चालतो, बोअरला कधीकधी दुप्पट-तिप्पट निघतो.

सॉफ्टनरच्या आतले रेझिनचे (प्लास्टिकसारख्या पदार्थाचे) मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात, म्हणून टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. 'टीडीएस उतरेल' म्हणणाऱ्या विक्रेत्याला चहा पाजून वाटेला लाव. मण्यांची ताकद संपली की मिठाच्या पाण्याने धुवावे लागतात. त्यात मातकट खडेमीठ टाकलंस तर मिठाच्या टाकीच्या तळाशी गाळ बसतो.

नळावरचे जुने पांढरे थर व्हिनेगरने काढ. आणि पिण्या-स्वयंपाकाच्या पाण्यात ते सोडियम नको, म्हणून ती लाइन पाणी सॉफ्टनरमध्ये जाण्याआधीच्या पाइपवरून आत्ताच वेगळी काढून घे, प्लंबर पुन्हा लवकर येत नाही.